बिनहळदीची

माझ्या लग्नात हळद नव्हती. सांगलीजवळच्या हरिपूरची मुलगी, बाप हळदीच्या पेवांवर मुकादम, आणि नवरीच्या अंगाला हळदीचं बोटसुद्धा नाही! वऱ्हाडातल्या बायकांनी काय काय कुजबुज केली असेल ती असो. आईनं चंदन उगाळून आणलं, करवल्यांनी तेच माझ्या गालांना फासलं, आणि लग्नाच्या फोटोत मी नुकतीच तापातून उठल्यासारखी दिसते. श्रेणिक, म्हणजे माझा नवरा, अजून चिडवतो, "आपलं लग्न तसं कच्चंच. हळद कुठे लागली होती तुला?"

कारण होतं माझा दमा. तो हळदीच्या धुळीनं होतो, हे घरात, गावात आणि पाहुण्यारावळ्यांत कधीच ठरून गेलं होतं.

पेव आता कुठे पाहायला मिळत नाही, म्हणून सांगते. जमिनीच्या पोटात खणलेली रांजणासारखी खोली म्हणजे पेव. तोंड इतकं अरुंद की एक माणूस कसाबसा उतरेल, आणि पोट इतकं मोठं की गाडाभर पोती सहज मावतील. भिंतींना उसाचं वाळलेलं पाचट लावायचं, हळद ओतायची, तोंड लिंपून टाकायचं. हरिपूरच्या मातीत पाणी झिरपत नसे, त्यामुळे हळद आत वर्षानुवर्षं टिकायची. हवा मात्र मरून जायची. म्हणून पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नसे. अण्णा, माझे वडील, दोरीला कंदील बांधून आधी तो आत सोडायचे. ज्योत विझली तर थांबायचं. जळत राहिली तर अण्णा सगळ्या आवारात ऐकू जाईल असं ओरडायचे, "दिवा जळतोय!" मग माणूस उतरायचा.

मी अंगणात बसून ती आरोळी ऐकायचे. दुपारचं ऊन, पिवळी झालेली माणसं, पिवळी कुत्री, अण्णांच्या सदऱ्याचा उग्र वास. ते दिवस आठवले की मला अजून सगळं पिवळंच दिसतं.

झटका आला की अण्णा मला मांडीपाशी बसवायचे. आडवं झोपलं तर जीव घाबरा व्हायचा, बसून पुढे झुकलं की वाट जरा मोकळी व्हायची. ते माझ्या पाठीवर तळहात टेकवून छातीतली शिट्टी ऐकत राहायचे, आणि गळ्याखाली जो खड्डा पडतो त्याच्यावरून नजर हलवायचे नाहीत. शिट्टी थांबली की आत आईला सांगायचे, "दिवा जळतोय गं." आई मग चुलीपुढे बसून रडून घ्यायची.

पुढे झुकायला काहीतरी टेकू हवा, म्हणून त्यांनी माझ्यासाठी एक लोड शिवला. कापसाची धूळ वाईट असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून कापूस वर्ज्य. अण्णांनी रिकाम्या झालेल्या पेवातलं पाचट काढलं, कुटून मऊ केलं आणि लोडात ठासून भरलं. पेवाच्या माणसांची ती श्रद्धाच होती की हळदीच्या पेवात राहिलेल्या वस्तूला कीड लागत नाही. त्यात खोटं काही नाही. त्या पाचटाला शेवटपर्यंत कीड लागली नाही.

चौथीची परीक्षा झाली आणि मला नाशिकला मावशीकडे पाठवायचं ठरलं. हळदीपासून लांब. अण्णा एस.टी.त बसवायला आले. खिडकीतून त्यांनी आधी लोड आत दिला, मग मला वर चढवलं. "हा संगट असला की मी हाय असं समज," एवढंच बोलले. गाडी सुटल्यावर ते बराच वेळ धावले, असं आई सांगायची. मी पाहिलं नाही, कारण मी लोडात तोंड खुपसून रडत होते.

पुढे कृष्णेला मोठा पूर आला, पेवं ढासळली, अण्णांचं कामच संपलं. गावात हळदीची धूळ उरली नाही. तरीही मी सुट्टीला गेले की दमा उसळायचाच. मग लोक म्हणू लागले, हळद इथल्या मातीत मुरलीय आणि पोरीच्या अंगात भिनलीय. नाशिकलाही तो सुटला नाहीच. टोचून करायच्या सगळ्या तपासण्यांत काही सापडलं नाही. तेव्हा तर हळदीवर शिक्कामोर्तबच झालं, कारण त्या यादीत हळदच नव्हती. मावशीनं स्वयंपाकातून हळद काढून टाकली. तिच्या घरातली पांढरी आमटी जेवून मी मोठी झाले.

नोकरी मात्र मी आवाजाची केली. नाशिकच्या बसस्थानकावर गाड्या पुकारायची. एका दमात जेवढं मावेल तेवढं बोलायचं आणि श्वास घ्यायचा, हे मला इतरांपेक्षा चांगलं जमायचं. पुढे ते काम यंत्रांनी घेतलं. यंत्राला दम लागत नाही.

*

आता पन्नाशी कधीच उलटली. दमेकऱ्यांचं आयुष्य तसं सोपं झालंय. छातीवर टिकलीएवढी एक चकती चिकटवलेली असते. ती आतली शिट्टी माझ्याआधी ऐकते आणि मोबाईलवर रंग दाखवते. हिरवा असेल तर खुशाल राहा. पिवळा झाला तर काम टाकून पंप घे. लाल झाला तर पंप घेत घेत रुग्णवाहिका बोलाव. आमच्या फ्रिजवर त्याचा तक्ता लावलाय. शिवाय निळ्या पंपाच्या दोन कांड्या, एक पर्समध्ये आणि एक श्रेणिकच्या खिशात. लोक खिशाला पेन लावतात, हा पंप लावतो.

पण तयारी कितीही असली तरी औषधानं लागू पडायला हवं ना! गेल्या वर्षी मी दोनदा अतिदक्षता विभागात जाऊन आले. दुसऱ्या खेपेला नळी घालावी लागली. शुद्धीवर आले तेव्हा श्रेणिकचा चेहरा पाहून मला वाटलं, आजारी हाच आहे.

डॉक्टर शर्वाणी किणीकर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण बोलताना माझी आजी वाटतात. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"त्रिशलाताई, पंप, गोळ्या, इंजेक्शनं, सगळं दर वेळी थोडं कमी चालतंय. पुढच्या मोठ्या झटक्याची खात्री मी देणार नाही. पण आता 'विसर' करता येईल."

त्या उपचाराचं खरं नाव लांबलचक आहे, दवाखान्यात सगळे त्याला विसर म्हणतात. डॉक्टरांनी मला तो असा समजावला. आपल्या शरीरात राखणदार पेशी असतात. लहानपणी कधीतरी त्यांनी एखाद्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजून ओळखून ठेवलं, की ती ओळख त्या जन्मभर जपतात. तो कण श्वासात आला रे आला की त्या आरडाओरडा करतात, नळ्यांच्या भिंती सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, आणि माणूस हवेच्या समुद्रात बसून हवेसाठी तडफडतो. औषधं हा गोंधळ आवरतात, ती जुनी ओळख पुसत नाहीत. विसर ती पुसतो. त्याच कणाचा अंश एका अतिसूक्ष्म बुडबुड्यात भरतात. बुडबुड्यावर शरीराच्या स्वतःच्या मेलेल्या पेशींची खूण लावतात आणि तो रक्तात सोडतात. राखणदार तो तपासतात, म्हणतात हा तर घरचाच केर, आणि हळूहळू वैर विसरतात.

"अट एकच," डॉक्टर म्हणाल्या. "कण तोच हवा. त्याच्या भावाचा, चुलत भावाचा चालत नाही."

"मग अवघड काय आहे? सांगलीहून किलोभर हळद मागवते."

त्यांनी पडद्यावर एक आकृती दाखवली. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या आकारावरून यंत्र उलटा माग काढत जातं आणि त्या कणाचं चित्र रेखाटतं. पोलीस साक्षीदाराला विचारून चोराचं चित्र काढतात, तसंच.

"हे हळदीचं नाही," त्या म्हणाल्या. "हळदीशी तुमचं काहीच वाकडं नाही. ही कुठली तरी बुरशी आहे, पण आमच्या कुठल्याही संग्रहात नाही. बहुतेक जिथे हवा जवळजवळ नसते अशा जागी वाढणारी. तुम्ही लहानपणी होतात तिथे जाऊन शोधायला हवी."

मी त्या चित्राकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझ्या डोळ्यांपुढून मावशीची पांढरी आमटी गेली, चंदनाची वाटी गेली, एस.टी.मागे धावणारे अण्णा गेले. मला रडू आलं, आणि रडलं की मला दम लागतो, म्हणून मी ते आवरलं.

*

डॉक्टरांनी एक हातात मावेल एवढं यंत्र दिलं. त्याला एक नळी, आणि नळीच्या मुळाशी दिवा. वस्तूजवळ नळी धरली की ते हवा ओढतं, आतले कण चित्राशी पडताळतं, आणि जुळले तर दिवा लाल होतो. श्रेणिकनं त्याचं नाव हुंग्या ठेवलं.

हरिपूरला अण्णा ओट्यावर बाजेवर बसलेले होते. ऐंशी पार झाली तरी पाठ ताठ. कान तेवढे शाबूत, डोळे त्याहून शाबूत. राजमती वहिनी, माझ्या भावाची बायको, त्यांचं सगळं करते.

"आलीस व्हय, तिशा? वाळलीस गं." मग हुंग्याकडे बोट. "ह्ये काय करालंय?"

"दमा कशानं होतो ते हुंगून सांगतं, अण्णा."

"त्यात हुंगायचं काय? हळदीनं होतो. शेंबडं पोरगंबी सांगंल."

मी दिवसभर हिंडले. जुन्या बाजाराची माती, देवळाच्या मागचा पार, अण्णांची खुंटीवरची टोपी, अडगळीतला गंजका कंदील. हुंग्या ढिम्म. परसातलं एकच पेव पुरातून वाचलं होतं, त्याच्या तोंडावर फरशी घालून अण्णांनी ते सिमेंटनं बंद केलेलं. फटीला नळी लावली. काही नाही. फरशी उचलू का विचारलं तर अण्णा एकदम उसळले.

"पेव उघडायचं न्हाई. तू गावात असताना तर अजिबात न्हाई!"

दुपार कलताना मी थकून ओट्यावर येऊन बसले. नेहमीप्रमाणे लोड पोटाशी घेतला. हो, तो माझ्याबरोबर होता. तो नाही असं घर, प्रवास, बाळंतपण किंवा दवाखाना मला माहीत नाही. आई होती तोवर तिच्या लुगड्यांचे अभ्रे शिवून पाठवायची. अभ्रे बदलले, आतला भर कुणाला बदलू दिला नाही. तो अण्णांनी भरला होता.

टिकली थरथरली. पिवळा. मग लगेच लाल.

श्रेणिकनं पंप काढला, नळकांड्याला लावला. एक फवारा, सावकाश श्वास. पुन्हा फवारा. वहिनी रुग्णवाहिकेला फोन करायला आत पळाली. अण्णा बाजेवरून कधी उठले आणि माझ्याशेजारी कधी आले कळलंच नाही.

"आडवी हू नको. वाकून बस, वाकून. लोड घे की गं, लोड!"

त्यांनी लोड माझ्या छातीखाली सरकवला. मी त्यावर झुकले. हुंग्या तिथेच ओट्यावर पडला होता, त्याची नळी लोडाला टेकली होती. माझ्या भारानं लोड दबला, आतली हवा बाहेर पडली, आणि हुंग्याचा दिवा लाल झाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला पेवापासून लांब पाठवताना अण्णांनी पेव माझ्याच मांडीवर दिलं होतं.

श्वास नव्हता, पण तेवढं मला कळलं. मी लोड ढकलून दिला. अण्णांनी तो पुन्हा पुढे केला. मी पुन्हा ढकलला आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकलं. ते क्षणभर थबकले. मग त्यांचा हात माझ्या पाठीवर आला, आणि रुग्णवाहिकेच्या माणसांनी प्राणवायूचा मुखवटा लावेपर्यंत तो तिथून हलला नाही. त्या वेळी औषधं लागू पडली. कशी, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परत आले तेव्हा अण्णांनी विचारलं, "घावलं का तुझ्या हुंग्याला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मुलीला वाचवायची म्हणून या माणसानं तिचं लहानपण स्वतःच्या घरातून उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवलं. तिचे केस कधी विंचरले नाहीत, तिची शाळा पाहिली नाही. हे सगळं केलं कारण हळद वाईट. आता याला काय सांगू? की तुम्ही केलेलं सगळं बरोबर होतं, फक्त खिडकीतून शेवटी जे आत दिलंत ते द्यायला नको होतं?

"घावलं अण्णा," मी म्हणाले. "हळदच."

"बघ," ते म्हणाले. "मी म्हणत हुतो." आणि बाजेवर सावकाश टेकले. मला वाटलं, मी सुटले.

*

नाशिकला डॉक्टरांनी लोड उसवला. आतलं पाचट काळपट भुरं झालं होतं, बोटांत धरलं तर पीठ. मी काचेपलीकडे उभी होते. लग्नानंतरची पहिली रात्र, मुलीचा जन्म, आईची बातमी आली ती सकाळ, सगळ्याला मी याच्यावरच टेकले होते. मला त्याचा राग येईना. उलट वाटलं, आपल्या माणसाचं काही कापायला दिलंय.

उपचार काही पी हळद आणि हो गोरी असा नव्हता. बुडबुड्यांची सुई घ्यायची, वाट पाहायची, पुन्हा सुई. पावसाळा गेला, थंडी गेली. उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी कुपीतली चिमूटभर बुरशी माझ्या नाकापुढे धरली. सगळी यंत्रं जोडलेली, पंप तयार, श्रेणिक दाराशी.

मी हुंगलं. बंद अंधाराचा, जरासा आंबट, मातीचा वास. त्याबरोबर अंगण आलं, पिवळी कुत्री आली, दोरी सोडणारे अण्णा आले. छाती मात्र शांत. नाकाला ओळख पटली, छातीला नाही.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "पण लक्षात ठेवा, चिमूटभर झेपलं म्हणजे पोतंभर झेपेल असं नाही. अजून काही महिने त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही."

अण्णांना मी फोनवर सांगितलं की हळदीचा विसर झाला, मी बरी आहे. त्यांनी लोडाचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, उसवला. ते तसं खरंच होतं.

*

हरिपूरला गेले तेव्हा वहिनीनं ओट्यावर पाट मांडला होता. शेजारी वाटीत भिजवलेली हळद.

"बस," अण्णा म्हणाले. "राहिलंय ते करून घिऊ."

"या वयात, अण्णा?"

"हळदीला कुटं वय असतंय?"

त्यांनी बोटांनी माझ्या कपाळाला हळद लावली, मग गालांना, मग हातांना. सावकाश, मजेत, वहिनीशी बोलत. श्रेणिक म्हणाला, "चला, आता लग्न पक्कं झालं," आणि सगळे हसले. मी हसता हसता रडले. रडले तरी दम लागला नाही, हे मला नवीन होतं. आईनं हे पाहायला हवं होतं.

मग अण्णा आत गेले आणि काखेत काहीतरी घेऊन आले. नवा लोड. आईच्या उरलेल्या लुगड्याचा अभ्रा, टोकांना त्यांच्याच हातची धावदोऱ्याची वेडीवाकडी शिवण.

"जुना उसवला म्हणालीस नव्हं? नवा केला. टेक बघू."

माझी नजर परसात गेली. पेवावरची फरशी ओट्यावरून दिसत नव्हती. अण्णांनी ती उचलली असेल तर? मग या लोडात पोतंभर तेच पाचट असणार. श्रेणिकचा हात खिशाकडे गेला. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागेल, आणि एवढे दिवस जपलेलं सगळं ओट्यावर सांडेल. अण्णा माझ्याकडे बघत उभे होते.

मी लोड मांडीवर घेतला. डोळे मिटले, आणि लहानपणासारखं त्यात तोंड खुपसून श्वास घेतला.

पेवाचा वास नव्हताच. साबणाचा होता, उन्हाचा होता, आणि आत काहीतरी हलकं, मऊ, नवंकोरं.

मी मान वर केली. अण्णा माझ्या गळ्याखाली बघत होते. मघाशी हळद लावताना त्यांनी तिकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"पाचट न्हाई घातलं ह्या खेपेला," ते म्हणाले. "फोम हाय. सांगलीस्नं आणवला. दुकानदार म्हणला, दमेकऱ्याला ह्योच चालतोय."

श्रेणिकनं हात खिशातून काढून घेतला. वहिनी वाटी उचलून आत निघून गेली.

"तुम्हाला कधी कळलं, अण्णा?"

"त्या दिवशीच. जलमात कदी लोड ढकलला न्हवतास तू. आन त्यो तांबडा दिवा. दिवे बघण्यात उमर गेली माझी, तिशा."

"मग मी हळद म्हणाले तेव्हा गप्प का बसलात?"

"तुला तसं सांगायचं हुतं," ते म्हणाले. "सांगू दिलं."

त्यांचे डोळे भरले होते. मी काही बोलणार होते, की तुमची चूक नव्हती, की तो लोड नसता तर मी नाशिकला एक दिवस काढला नसता. ते खरंच होतं. मी लोडावर पुढे झुकले, नेहमी झुकायचे तशी. अण्णा बाजेवर शेजारी बसले, त्यांनी पाठीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"राजमती," त्यांनी आत हाक दिली, "दिवा जळतोय गं. पानं घे आता."